अर्धलीनं दिलेलं रक्त

फिरत्या नाटक कंपनीत मी उमेदीची सगळी वर्षं राजे रंगवले. पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर मखमल आणि शेवटच्या अंकात झोकात मरण. आमच्या कुंभार पिंपळगावात आजही मला नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. आसराबाई तर ‘राजे’च म्हणतात, तेही असं की ऐकणाऱ्याला हसू यावं. आमचा खेळ असला की पुढंच बसायच्या, आणि मी मेलो की शेजारणीला मोठ्यानं सांगायच्या, “उठतील आता.”

मेंढरांमागं जन्म गेलेली ही काटक बाई. मागं त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली. यंदा दुखणं हाडांत उतरलं आणि चालू औषध लागू पडेनासं झालं. डॉक्टरांनी त्यांचं रक्त संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तिथून निरोप आला, की रक्तातून फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वेगळ्या काढून बशीत वाढवल्या आहेत. अशा पेशी क्वचितच जगतात, यांच्या जगल्या. पुढचं औषध ठरवायला आता आणखी रक्त हवं.

आसराबाईंनी साफ नकार दिला. त्यांचा मुलगा गोरक्षनाथ माझ्याकडे आला. “बाबा, तुमचंच ऐकंल ती.”

मी गेलो, तर मलाच सवाल. “राजे, मेंढी अर्धलीनं दिली तर काय होतं?”

“दुसरा चारतो. वाढलेलं अर्धं त्याचं, अर्धं आपलं.”

“मंग? माझं दुखणं ते तिथं चारून राह्यलेत. तिकडं वाढलं की अर्धा वाटा माझ्याच दावणीला येणार. आन् वरून म्हणतात, आणखी द्या.”

मी जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं बोललेला माणूस. तरी म्हणालो, “अर्धलीनं दिलेलं जनावर बघायला जायचा हक्क तर आपला असतो ना?”

त्या उठल्याच. “चला मंग. राजवाडा सोडून एष्टीत बसावं लागंल तुम्हाला.”

प्रयोगशाळेतली डॉक्टर सत्यशीला मूळची आमच्याकडच्याच बदनापूरची निघाली. “मावशी, बरं झालं आलात,” म्हणत तिनं एका कपाटाचं दार उघडलं. आतून ऊब आली.

“ताप आल्यावानी गरम हाय की,” आसराबाई म्हणाल्या.

“तापाइतकं न्हाई. तुमच्या अंगाइतकं.”

सत्यशीलानं आतली एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आसराबाईंनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग मी पाहिलं. फिकट गोल दाणे, एकमेकांना बिलगलेले, द्राक्षांच्या घोसासारखे पाण्यात तरंगणारे. ही बाई माझ्या शेजारी स्टुलावर बसलेली, आणि तिच्यातलं काहीतरी तिच्यावाचून इथं जगत होतं, एकाचं दोन होत होतं. रक्ताच्या नळीतल्या अब्जावधी पेशींतून हे मोजके दाणे कुणीतरी हुडकून काढले होते. पडदा वर जाताना छातीत जे व्हायचं, तेच या वयात पुन्हा झालं. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला, ते कळेना.

सत्यशीलानं दुसरी बशी ठेवली. तिच्यात घोस फुटून नुसता चुरा झाला होता. “यात नवं औषध घातलं होतं. तुम्हाला अजून दिलेलं न्हाई ते.”

“मेल्या?”

“बहुतेक सगळ्या.”

आसराबाई ताठ झाल्या. “मंग माझ्यातल्या बी मेल्या असतील. अर्ध्या तरी.”

बदनापूरच्या मुलीला हा अर्ध्याचा हिशेब सांगावा लागला नाही. ती हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली. “न्हाई मावशी. हितल्या मेल्या त्या हितंच. तुमच्या अंगात एक बी कमी झाली न्हाई.”

आसराबाईंचा तो चेहरा मला रंगवता आला नसता. आशा आली काय आणि गेली काय. मग त्यांनी हळूहळू विचारलं, “म्हंजे हितं वाढल्या तरी...”

“तुमच्यात वाढत न्हाईत.”

“बिलकुल?”

“बिलकुल. ही अर्धल न्हाई, मावशी.”

“आन् ते नवं औषध मला लागू पडंल?”

“खात्री न्हाई. बशीत हाडं नसतात, माणूस नसतो. पण आधी काय देऊन बघावं, याचा अंदाज येतो. दुखणं अंगात बदलत राहतं, म्हणून ताजं रक्त पाहिजे. त्यातल्या पेशी जगतील का, हे बी आत्ता सांगता येत न्हाई.”

आसराबाईंनी जिवंत बशी पुन्हा मागितली. वाकून बघत राहिल्या. “माझ्याबिगर जगून राह्यल्यात,” त्या पुटपुटल्या. “लई चिवट हायेत.” त्यात राग होता, पण थोडं नवलही होतं.

मग बांगड्या मागं सारून त्यांनी उजवा हात पुढं केला. “डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं हाय, ह्याच हाताचं घे. राजे, तुम्ही तिकडं बघा. चक्कर यील.”

मी तिकडं बघितलं नाही. नळी गडद होत भरली. सत्यशीलानं ती हलकेच उलटीसुलटी केली.

“जगल्या का, ते कवा कळंल?”

“काही आठवडे लागतील.”

“बराबर,” पदर सारखा करत आसराबाई म्हणाल्या. “तवर थांबते मी.”