दारातली पारख

कुरायोशी गावात हिसानो ओगाता या बाई लग्नं जुळवायच्या, आणि मुलामुलीचं तोंड बघण्याआधी घराचं गेंकान बघायच्या. दार सरकवून आत पाय टाकला की जी खालची जागा लागते, जिथे चपला काढून पायरी चढायची, ती जागा. फोटोत माणूस केस चापून बसतो, वयाला दोन्ही बाजूंनी कात्री लावतो, पण चपलांना अजून कोणी पढवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

चपलांची टोकं दाराकडे वळवलेली असली की त्या घरात सून टिकते. एकीवर एक पडलेल्या असल्या की घरात कोणी कोणाचं ऐकत नाही. एकट्या बाईच्या घरी पुरुषाचे बूट मांडलेले दिसले, तर त्यांच्यावर धूळ आहे का बघायचं. धूळ असली तर ते चोराला भिववायला ठेवलेत. नसली तर ती गोष्ट हिसानोबाई परतीच्या वाटेवर चार ठिकाणी थांबून सांगायच्या. चपलांच्या कपाटावरचं लाकडी अस्वल सगळ्यांकडेच असतं, त्याचे गुण धरायचे नाहीत.

ही पारख गावाला ठाऊक होती. गल्लीच्या तोंडाशी त्यांची जांभळी छत्री दिसली की घराघरांतून कपाटांची दारं आपटल्याचे आवाज यायचे. म्हणून त्या गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फळी पोचवायच्या निमित्ताने, न सांगता जायच्या. आणि फळी आपल्याकडे आली की एक दिवस जास्तच ठेवून घ्यायच्या, म्हणजे कोणाला दिवस धरता येत नसे.

इतकं करून त्यांची स्वतःची मुलगी मुत्सुको तिशी ओलांडून घरातच होती. रोपवाटिकेत कामाला जायची, संध्याकाळी चिखलाचे गमबूट गेंकानात मधोमध काढायची आणि त्यांना ओलांडून आत जायची.

"हिसानोबाई, गावाला नवरे वाटता," शेजारच्या इशिझुकाबाई म्हणायच्या, "घरी एखादा शिल्लक राहिला नाही वाटतं?"

त्या वर्षी वसंतात देवळातल्या गुरुजींच्या पत्नी चिएबाई यांनी मुत्सुकोसाठी एक स्थळ सुचवलं. डोंगराकडचे योनेहारा. नासपतीच्या बागा, मुलगा किसाबुरो, चाळिशीचा, आणि म्हातारी आई तोमेबाई. आई रविवारी दुपारी सहज म्हणून घर बघून जाणार होती.

हिसानोबाई शनिवारपासूनच गेंकानात उतरल्या. मुत्सुकोचे गमबूट न्हाणीघरामागे गेले. नवऱ्याच्या, एइजिरोंच्या, लाकडी खडावा आणि मासे धरायची काठी कोठीत गेली. रोपांची बादली, फाटकी छत्री, सगळं हललं. फरशी दोनदा धुतली, अस्वलाच्या शेजारी कॅमेलियाची एकच डहाळी ठेवली.

"अगं, मी बाहेर कसा जाऊ?" एइजिरोंनी पायरीवर उभं राहून विचारलं.

"आज तुम्हाला कुठे जायचं नाहीये."

"आणि आग लागली तर?"

"तर मोज्यांवर पळा."

मुत्सुको जिन्यावरून बघत होती. "आई, त्या घर बघायला येतायत, की आपण घर सोडून गेलोय का ते बघायला?"

"तू तोंड धुऊन ये," हिसानोबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी नेमक्या इशिझुकाबाई आल्या, पायरीवर टेकल्या आणि आपल्या गुडघ्याची हकिगत सांगू लागल्या. चहा झाला, दुसरा झाला, उजवा गुडघा संपून डावा सुरू झाला. पाहुणा हलत नसला की दाराशी केरसुणी उलटी उभी करायची, ही तिथली जुनी युक्ती. मुत्सुकोने हळूच जाऊन तेवढं केलं. पण इशिझुकाबाईंची केरसुणीकडे पाठ होती, आणि असल्या गोष्टी त्यांना समोरूनही कळल्या नसत्या.

एवढ्यात दार सरकलं. तोमेबाई ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी आल्या होत्या. त्यांनी फरशी पाहिली, डहाळी पाहिली, कोपरा पाहिला. चपला काढल्याच नाहीत. मुळ्याच्या लोणच्याची पुरचुंडी पुढे केली.

"इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं. बसत नाही," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

"घाईत दिसतात," इशिझुकाबाई म्हणाल्या, आणि डाव्या गुडघ्याकडे वळल्या.

त्याही एकदाच्या गेल्यावर हिसानोबाईंना केरसुणी दिसली.

"ही उलटी कोणी केली?"

"मी," मुत्सुको म्हणाली. "पण त्यांच्यासाठी नव्हती."

"केरसुणीवर नाव लिहिलेलं असतं का?"

दोन दिवसांनी चिएबाईंचा फोन आला. योनेहारांनी नम्रपणे कळवलंय, तुमचं घर फार वरचं, आम्हाला झेपायचं नाही. असले नकार हिसानोबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवले होते; त्यांतली साखर कुठे संपते हे त्यांना पाठ होतं. मुलीचं शेवटचं बरं स्थळ एका केरसुणीने घालवलं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत, आणि सकाळी लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा घेऊन डोंगराकडच्या बसमध्ये बसल्या. माफी मागितली तर अजून काही हाती लागेल, एवढीच आशा होती.

योनेहारांचं दार सताड उघडं होतं. गेंकानात नासपतीच्या पेट्या, एक शिडी, तीन मापांचे गमबूट, खुंटीवर मातकट हातमोजे. एका हेल्मेटमध्ये मांजर झोपलेलं. हिसानोबाईंचं डोकं सवयीने गुण कापू लागलं, आणि आपण कशासाठी आलोय हे आठवून थांबलं.

"या, या," तोमेबाई आतून म्हणाल्या. "पाय मावेल तिथे ठेवा. ती पेटी सरकवा. मांजराला नका उठवू, रागीट आहे."

हिसानोबाई पायरीच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी केरसुणीची सगळी गोष्ट सांगितली, गुडघ्यांसकट. माफी मागताना कपाळ पार पायरीला लावलं.

"केरसुणी?" तोमेबाई हसल्या. "आमची कायमच उलटी असते. सुलटी ठेवली की काड्या वाकतात."

"मग तुम्ही बसला का नाहीत?"

"खरं सांगू? तुमच्या फरशीवर मला माझी चप्पल काढायची लाज वाटली, बाई. घरात तीन माणसं, आणि दारात एक जोड नाही. म्हटलं, असल्या घरातली मुलगी इथे आली तर आमच्या किसाबुरोच्या मागे जन्मभर फडकं घेऊन फिरेल. तो चिखल घेऊन येतो आणि चिखल घेऊन जातो. पोरीचे हाल, त्याचेही हाल."

हिसानोबाईंनी दुसऱ्यांच्या मुली आजवर चांगल्या घासूनपुसून खपवल्या होत्या. आता पहिल्यांदाच पेच पडला. नीटनेटकेपणाची बढाई मारावी तर स्थळ जातं. खरं सांगावं तर पोरीची अब्रू जाते.

"तिचे गमबूट मी न्हाणीघरामागे लपवले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "रोज मधोमध काढते. सांगून सांगून मी थकले."

"चिखल असतो?"

"खरवडून काढावा लागतो."

तोमेबाईंनी चहा ओतला. मग म्हणाल्या, "फुलांना हाताने पराग लावायचे दिवस आहेत. येत्या रविवारी हात कमी पडणार. मुलीला विचारून बघा."

"काय विचारू?"

"यायचं का, म्हणून."

परतीच्या बसमध्ये हिसानोबाईंच्या लक्षात आलं, की इतकी लग्नं जुळवली, पण कुठल्या मुलीला असं काही विचारल्याचं आठवत नाही. घरी येऊन त्यांनी विचारलं, आणि ते जमेना म्हणून दोनदा विचारलं.

"तू किसाबुरोंना बघितलंस?" मुत्सुकोने विचारलं.

"नाही. ते बागेत होते. बूट बघितले."

"कसे आहेत?"

"मोठे."

"बरं," ती म्हणाली, "मी माणूस बघून येते."

रविवारी ती पहाटेच गेली. दुपारपासून हिसानोबाई गेंकानातल्या पायरीवर बसून होत्या. एइजिरो मधूनमधून येऊन सांगत, "तिथे बसलीस म्हणून बस लवकर येत नाही." अंधार पडता पडता दार सरकलं. मुत्सुकोच्या केसांत आणि कानांवर परागात मिसळायची गुलाबी पूड बसली होती.

"काय म्हणाले?"

"फार बोलत नाहीत. मी शिडी धरली की ते वर, ते धरतील तेव्हा मी वर. एकदा मी वर असताना त्यांनी विचारलं, पाय दुखतायत का."

"आणि तू?"

"दुखतायत म्हटलं. मग त्यांनी पेटी आणली बसायला."

"मग?"

"वरच्या उताराची झाडं राहिलीत. गुरुवारी सुट्टी टाकलीय मी."

ती आंघोळीला गेली. हिसानोबाई चिएबाईंना फोन करायला उठल्या, फोनवर हात ठेवला, मग गुरुवार तर होऊ दे म्हणून तो काढून घेतला, आणि भात टाकायला आत गेल्या.