तळ्याकाठचं धुकं

आमच्या घरात डोंगरावर जायचं ते शेळ्यांमागे, नाहीतर सरपणाला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मुद्दाम डोंगर चढून लपवलेली डबी शोधायची, हे गावी, देवळ्याला, आईला सांगताना माझं मलाच हसू येई. सातपूरला नोकरी लागल्यावर माझ्या खोलीत राहायला आलेल्या मुलीने मला या जिओकॅशिंगचा नाद लावला. कुणीतरी डबी लपवतं आणि ॲपवर तिची जागा आकड्यांत देतं. काही खेळ टप्प्यांचे असतात. पहिल्या डबीत दुसरीचे आकडे, दुसरीत तिसरीचे. एक नियम मात्र कडक. बाहेरच्या माणसाला जागा कळू द्यायची नाही, नाहीतर डबी गायब होते.

ती माझ्याहून बरीच लहान. तिला सोडायला सटाण्याहून आलेली तिची आई मला म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर ठेवतेय, बाई." घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. शहरात माझ्यावर कुणी असा भरवसा टाकावा, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

त्या रविवारी आम्ही अंजनेरीच्या डोंगरावर गेलो. दुसरी डबी एका झाडाच्या ढोलीत होती. ती काढतो तोच काही पोरं वर आली. मी लगेच ओरडले, "अगं बाई, माझं कानातलं पडलं!" पोरं बिचारी गवतात वाकून शोधायला लागली.

"सोन्याचं हाय का जत्रेतलं, ताई?"

माझ्यामागे ती मुलगी ओढणी तोंडाशी धरून हसत होती.

वरच्या तळ्यापाशी पोहोचलो तेव्हा धुकं उतरलं. शेवटची डबी कड्याच्या अंगाला होती. फोनवरचा बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो. मध्ये वाट आहे की दरी, हे त्याला ठाऊक नसतं. "ताई, तुम्ही पाण्याकडून बघा, मी इकडून बघते," म्हणत ती पुढे गेली आणि लगेच दिसेनाशी झाली.

थोडा वेळ मी काठावरचे दगड चाचपले. मग हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. फोनला रेंज नव्हती. पाणी कुठे संपतं आणि गवत कुठे लागतं, तेही दिसेना.

मागून तीच पोरं आली. "काय ताई, आता दुसरं कानातलं?"

"माझ्याबरोबरची मुलगी सापडत नाहीये."

पोरं हसली, पण माझा चेहरा पाहून जवळ आली. मग सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. धुक्यातून काहीच परत येईना. एकजण हळू आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "त्या अंगाला नुसता कडा हाय." मी ते ऐकलं. तिच्या आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात राहिलं. मी त्याच बाजूला चालू लागले. पायाखालचा एक दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

"थांबा! पुढं पाय टाकू नका!" एका पोराने माझी सॅक धरून मला मागे ओढलं. मी खाली बसले आणि मोठ्याने रडू लागले.

तेव्हा जवळच्याच खडकाआडून ती बाहेर आली. हातात डबी होती.

"ताई, खरंच रडताय? मला वाटलं, मघासारखं नाटक चाललंय. आधीच्या हाका मला ऐकूच आल्या नाहीत, आणि इथवर आले तर ही पोरं होती ना, म्हणून मी खडकाआड गप्प बसले."

"डबीसाठी?" तो पोरगा म्हणाला. "अवो, ह्या आत्ता खाली गेल्या असत्या!"

मला रागवायचं होतं, पण मी उठून नुसतं तिचं मनगट धरलं. तिने डबी न उघडताच परत ठेवली.

पोरं आमच्यापुढे उतरत होती. वळण आलं की "आलात का?" विचारायची आणि आम्ही दोघी "आलो" म्हणायचो.

"ताई, मनगट दुखतंय," ती म्हणाली.

मी पकड सैल केली नाही.