आवो, भरलं!

गाव सोडलं त्या दिशी माझ्या पोरानं, दत्तानं, गाडी चालू करून ठेवली होती. मी शेताच्या टोकाकडं तोंड करून उभा. सून म्हणली, "आबा, चला ना." मी म्हणलं, "थांब, हाक येऊ दे."

हाक कुणाची, ते बिडकीनकडच्या तुम्हा मंडळींना सांगायला नको. मी पाटावर दारं धरून पाणी वाफ्यात वळवायचो, माझी बायको सुभद्रा वाफ्याच्या पार टोकाला उभी. वाफा भरला की तिथून ओरडायची, "आवो, भरलं! झोपला का?" मग मी दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचो. जन्म ह्यातच गेला. ती देवाघरी गेली, शेत निम्म्या वाट्यानं बटईला दिलं, अन् मी शहरात पोराकडं, बजाजनगरात तिसऱ्या मजल्यावर आलो.

इथं नळ हाय, लिफ्ट हाय, भांडायला माणूस नाय. गच्चीवरची टाकी भरली की मोटर आपोआप थांबती. ती थांबली की माझ्या कानात हाक येती, अन् मी चहा तसाच टाकून उठतो. सून चहा झाकून ठेवती. गावाहून आणलेली पिशवी मी रिकामी केलीच नव्हती. परत जायचंच होतं मला.

दत्ता घरूनच कंप्युटरवर काम करतो. परवा त्याच्या पडद्यावर एक टाकी भरत होती. म्हणला, "आबा, पाणी सारखं चढत असतं, मोटर मात्र एका झटक्यात बंद. दोन्ही एकाच प्रोग्रॅममधी बसवायचं. ह्याला फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणतात."

"एवढं लांब? तुझी माय नुसतं 'भरलं' म्हणायची."

तो हसला. मी विचारलं, "मोटर बंद झाल्यावर?"

"चढायचा नियम संपला. उतरायचा लागू होतो."

"अन् आधी चढलेलं पाणी?"

"ते कुठं जातंय? दुसरा नियम तिथूनच सुरू होतो. शून्यापासून नाय, आबा." बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाय.

मंडळी, आता शेताच्या टोकाला बटईवाल्याची बायको उभी राहती म्हणं. राहू द्या. तिची हाक तिच्या नवऱ्याला. माझी हाक इथं तिसऱ्या मजल्यावर येती, मग गावात कुणाला धुंडू? काल सुनेला म्हणलं, पिशवीतली धोतरं कपाटात ठेव.

सांजच्याला मोटर थांबली. "आवो, भरलं! झोपला का?"

मी उठलो नाय. बसल्या जागी म्हणलं, "जागा हाय गं. मोडतो दारं."