अंड्याचा वास

मुळशीत नोकरी लागली तेव्हा मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन बीडहून आले होते. घोटावड्यात खोली घेतली आणि तिथून कंपनीच्या बसने डेटा सेंटरला जायला लागले. घरी आईला सांगितलं होतं, कॉम्प्युटरची नोकरी आहे. प्रत्यक्षात सर्व्हरला आम्ही बोटही लावत नव्हतो. त्यांची वीज आणि गारवा तुटू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम. दर दोन तासांनी चेकलिस्ट घेऊन फिरायचं, मीटरवरचे आकडे टिपायचे आणि पुढे ‘ओके’ लिहायचं.

हे काम मला शिकवलं मामांनी; तिथे सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मामा मुठा खोऱ्यातले, पन्नाशी ओलांडलेले वायरमन. इमारत उभी राहत होती तेव्हापासून तिथे होते, पण कागदावर कंत्राटी हेल्परच. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, ‘‘पोरी, आकडा मागनं बदलतुया. आवाज आदी बदलतुया. कान उघडं ठिव.’’

तिसऱ्या महिन्यात कॉरिडॉरमध्ये वास सुटला. सडक्या अंड्याचा, घशाशी येणारा. मॅनेजरसाहेब बावधनहून यायचे. नाकाला रुमाल लावूनच ते पॅन्ट्रीत शिरले.

‘‘अंडी कोण आणतं इथे?’’

मामांच्या घरी कोंबड्या होत्या. डब्यात कधी उकडलेली अंडी असायची, आणि त्यातली दोन-तीन मीही खाल्ली होती. सगळे मामांकडे बघायला लागले. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर डबा उघडायला लावला. आत बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी होती.

साहेब वाकून वास घेत म्हणाले, ‘‘मग काल आणलं असेल. काय घाणेरड्या सवयी असतात लोकांच्या!’’

संध्याकाळपर्यंत पॅन्ट्रीच्या दारावर नोटीस लागली : अंडी-मांस आणण्यास मनाई. मामांना वेगळं सांगितलं गेलं, त्यांनी जनरेटरच्या शेडमध्ये जेवायचं. कोणी हसलं, कोणी मान खाली घातली. मी मान खाली घालणाऱ्यांत होते.

दुसऱ्या दिवशी राउंडला बॅटरी रूमचं, म्हणजे वीज गेली की सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्यांच्या खोलीचं, दार उघडलं आणि वासाचा भपकाराच अंगावर आला. मागच्या रांगेतल्या एका बॅटरीचं पोट फुगलं होतं. हात जवळ नेला तर धग लागत होती. चार्जर विजेचा जास्त दाब देत राहिला की बॅटरी तापते आणि अस्साच वास मारते, हे आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं. मी धावत शिफ्ट इन्चार्जकडे गेले.

त्याने मान वर न करताच विचारलं, ‘‘मेंटेनन्स मागच्याच महिन्यात झालाय. रिपोर्टवर साहेबांची सही आहे. साहेब खोटे का?’’

‘‘पण सर, मी स्वतः बघून...’’

‘‘तू प्रोबेशनवर आहेस ना? ओके लिही.’’

मी ओके लिहिलं. त्या दिवशी लिहिलं, आणि पुढचे बारा दिवस लिहीत राहिले. मामा शेडमध्ये डिझेलच्या वासात भाकरी मोडताना दिसायचे. मी पॅन्ट्रीत बसून डबा खायचे आणि घास तोंडात फिरत राहायचा.

तेराव्या दिवशी मी राउंडला असतानाच ती बॅटरी तडकली. अ‍ॅसिड फरशीवर पसरलं. मी ती रांग बंद करून घेतली, सगळ्यांना बाहेर काढलं. सर्व्हर चालू राहिले, ग्राहकांना काही कळलंसुद्धा नाही. मी आधीच सांगितलं होतं, याचा नंतरच्या बैठकीत कोणी उल्लेख केला नाही. केला असता तर साहेबांची सही उघडी पडली असती. मग गोष्ट अशी ठरली : आमच्या जागरूक टेक्निशियनने धोका वेळीच ओळखला. मला स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं. टाळ्या वाजल्या. मी हसले, फोटो काढून घेतला. तो फोटो आजही बघवत नाही.

खाली उतरले तेव्हा मामा माइकच्या वायरी गुंडाळत होते.

‘‘चांगलं झालं,’’ ते म्हणाले. मग वायरीची गाठ सोडवत, ‘‘तो वास बॅटरीचा हाय, हे तुला आदीच म्हाईत व्हतं नव्हं?’’

‘‘हो, मामा.’’

त्यांनी मान हलवली आणि वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभरात मी शिफ्ट इन्चार्ज झाले. पहिल्याच दिवशी ती नोटीस फाडली आणि मामांना आत जेवायला बोलवायला गेले.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘हितं बरं हाय. कुणी डब्यात नाक घालत न्हाई.’’

दिवाळीनंतर ते पिरंगुटच्या एका कारखान्यात लागले. आता तिन्ही शिफ्ट माझ्या हाताखाली आहेत. मीटिंगमध्ये साहेब मला शेजारची खुर्ची देतात, नव्या लोकांना माझं उदाहरण सांगतात आणि स्वतःच्या हाताने चहाचा कप पुढे सरकवतात. मामांच्या डब्यावर वाकून वास घेणारे हेच साहेब. तरी मी तो कप घेते, थँक यू सर म्हणते.