एक्सएल म्हणजे नक्की किती इंच?

मैत्रिणींनो, आठवतं का, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आपल्याला गुडघ्यांवर बसवून स्कर्टची कड जमिनीला टेकते का ते बघायच्या?

आज भंडाऱ्यातल्या एका दुकानात मीच टेप घेऊन उभी होते. एक्सएलच्या तीन कुर्त्या, तिन्हींची छाती वेगळी. फोटो काढला तर मालक ओरडला, "काहून मोजून राहिल्या बाई? फोटो पुसा, नाही तं पोलिसाले बोलावतो!"

घाबरून मी सगळंच पुसलं, आधीच्या पाच दुकानांचंही. आपली सुमन चिखल्याला अंथरुणाला खिळली आहे. तिला दुकानात येऊन कपडे घालून बघता येत नाहीत, म्हणून कुठल्या दुकानाचा एक्सएल किती इंच, याची यादी करत होते.

हे ऐकून माझी वकील भाची चिडली. "पुसले कायले वो मावशी? दुकान त्याचं, फोटोले मनाई करू शकते, बाहेर जा म्हणू शकते. पण फोन तं तुमचा हाये!"

साठीतही कुणी दरडावलं की माझी बोटं आधी ऐकतात, याचाच जास्त राग येतोय.

स्वतःच्या कपाटातल्या कुर्त्या मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. आजच मोजा. ग्रुपवर फक्त इंच टाका. दुकानांची नावं इथे नकोत, बदनामीची नोटीस यायची. ती बिलांसकट भाचीला द्या; बिलांचा पुरावा हाताशी ठेवून ती नावं आणि इंच जुळवेल. आणि तयार झालेली यादी सगळ्यांत आधी सुमनला.