पाच बोटांचं मीठ

कालवणाचा पहिला भुरका मारला आणि दयारामांनी बायकोकडं नाही, मुलाकडं पाहिलं. "निक्या, आपलं मिठागर तर कवाच गेलं. मंग ते टोपात कुठशी आलं?"

निकेतनं मान खाली घातली. न्हावा शेव्याच्या यार्डात अख्खा कंटेनर काट्यावर चढवून किलोचा फरक पकडणारा माणूस घरच्या बोंबलांपुढं हरला होता. आणि तेही नेमकं परीक्षेच्या दिवशी.

परीक्षा ठेवली होती त्याच्या आईनं, सत्यवतीनं. दिघीची तिची बहीण आवडाबाई बारा वर्षं बोलावत होती, आणि बारा वर्षं दयाराम एकच विचारायचे, "आन जेवन कोन करील?" यंदा बाईनं भांडण केलं नाही. फोनवर पाककृतींचं ॲपच घ्यायचं आणि त्यात बघून निकेतला रांधायला लावायचं ठरवलं. बाजारात बोंबील बघावेत तशी तिनं तीन ॲप उलटीपालटी करून पाहिली. पहिलं नुसतं इंग्रजी बोलायचं, बाद. दुसऱ्यानं आधी तिचंच वजन विचारलं. "कांदा कापाचा हाय, मना तोलाचं न्हाय," म्हणत तिनं तेही टाकलं. तिसरं मात्र सांगितलेलं मराठीत लिहून घेई, माणसं वाढवली की मापं वाढवी, आणि कालवणाला उकळी येईस्तोवर त्याचा पडदा झोपत नसे. "ह्ये कामाचं." आठवड्यात तिनं एकवीस पाककृती त्यात सांगून टाकल्या, शेगडीशी उभ्या उभ्या, मास्तरणीच्या थाटात.

मिठाचं तेवढं घोडं अडलं. सत्यवतीनं सांगितलं होतं, "पाच बोटांच्या दोन चिमटी." ॲप ग्रॅम मागत होतं. आईला कशाला पुन्हा उठवा, म्हणून निकेतनं आपल्याच हातानं दोन चिमटी खडामीठ काट्यावर टाकलं, चाळीस ग्रॅम लिहिलं, आणि त्याबरहुकूम कालवण रांधलं. आपली बोटं राजेळी केळ्यांएवढी आहेत, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"झालं!" दयाराम खुशीत म्हणाले. "जानं रद्द."

सत्यवतीनं उठून मुलाचा पंजा आपल्या पंजाला लावला. तिच्या बोटांची टोकं त्याच्या दुसऱ्या पेराशीच संपली. मग तिनं आपल्या दोन चिमटी काट्यावर टाकल्या. अठरा ग्रॅम. एकवीसच्या एकवीस पाककृतींतलं मीठ तिनं स्वतः तोलून लिहिलं. दुसऱ्या दिवशी कालवण पुन्हा निकेतनंच केलं. दयारामांनी दोनदा भात मागून घेतला आणि ताटातून मान वर केली नाही.

शुक्रवारी पिशवी सांभाळत सत्यवती एसटीत बसली. पुढं आगरदांड्याहून फेरीबोट, की आलीच दिघी. निकेत खिडकीशी घुटमळला. "आये, काय अडलं तं फोन करू ना? आन तू परत कधी..."

"मीठ इचार, परत कधी येनार त्ये इचारू नको."