गरम गोळ्याचं वजन

काटेवाल्या काकूंचा काटा खोटा? ऐकणाऱ्याला हसूच आलं असतं. काकूंच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू मागच्याच महिन्यात त्यांनी दुरुस्त करून स्वतःचा शिक्का मारून दिला होता. आणि फिजिक्सच्या नव्या सरांनी वहीत लिहिलं होतं, 'काटा सदोष'. तक्रार वर गेली की परवाना गेला. मग मामंजींना तोंड कसं दाखवायचं? सगळ्या भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून सासऱ्यांनी सुनेला ही विद्या दिली होती. तेही एक अवलिया! "उबेलासुद्धा वजन असणार, आपले काटेच जाडे," असं म्हणायचे आणि दुकानातली गिऱ्हाईकं खो खो हसायची.

"झालं तरी काय, सर?" काकूंनी तडक प्रयोगशाळा गाठून विचारलं.

सर तावातावाने बोलू लागले. वस्तुमान आणि ऊर्जा मुळात एकच. वस्तू तापवली की तिच्यात ऊर्जा जाते, म्हणजे वजन वाढलं पाहिजे. त्यांनी वर्गासमोर पितळी गोळा तापवून तोलला, तर तो चक्क हलका भरला! साठ पोरांसमोर शोभा झाली.

"गरमागरमच ठेवलात पारड्यात?"

"मग काय गार करून ठेवू?"

"अहो, तापल्या गोळ्याभोवतीची हवा वर उसळते आणि पारड्याला उचलून धरते. गरम वस्तू तोलायची नाही, हे आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात!"

गोळा तासभर पेटीत निवू दिला. मग तोलला. तापवण्याआधी होता तेवढाच, एका केसाचाही फरक नाही.

"आता सांगा," काकू म्हणाल्या, "तापल्यावर वजन वाढायला हवं होतं किती?"

सरांनी फळ्यावर गणित मांडलं. आकडा निघाला आणि खडू हातातच राहिला. "हा तराजू दहा लाख पट नाजूक असता, तरी जेमतेम कळलं असतं. हे गणित मी आधीच करायला हवं होतं."

"पण वाढतं?"

"वाढतं, काकू. नक्की वाढतं."

सर भले माणूस. त्याच पोरांना बोलावून त्यांच्यादेखतच त्यांनी वहीतलं 'सदोष' खोडलं, 'काटा अचूक, चूक माझी' असं लिहून सही ठोकली आणि तेच एका कागदावर काकूंनाही लिहून दिलं. पोरांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. काकू घरी चालत नाही, जवळजवळ पळतच आल्या.

मामंजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. ऐकू कमी येतं, म्हणून काकू कानाशी ओरडल्या, "मामंजी, तुमचं खरं निघालं! उबेला वजन असतं! कॉलेजातले सर म्हणाले!"

"ते असू दे. काट्याचं काय?"

"अचूक! सरांनी लिहून दिलंय, दाखवू?"

म्हाताऱ्याने कागद हातातसुद्धा घेतला नाही. "लिहून कशाला हवं? तुझा शिक्का होता ना त्यावर?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नव्हता. काकू मटकन खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.